चार रेघांची विमानं आणि मंडईची गाडी

मोहफुलं वेचायला उजाडायच्या आधी निघावं लागतं. फुलं रात्रभर गळत राहतात, आणि जरा उशीर झाला की डुकरं, चितळं आपल्याआधी झाडाखाली पोचलेली असतात. लहानपणी मी आणि माझी चुलत बहीण, काकाची मुलगी, घरच्यांबरोबर टोपल्या घेऊन जायचो. झाडाखालचा पाचोळा मोठ्यांनी आधीच जाळून ठेवलेला असायचा. त्या काळ्या जमिनीवर पिवळी फुलं अंधुक उजेडातही दिसायची. वेचून वेचून कंबर धरली की आम्ही वर बघायचो, आणि वर बहुतेक वेळा विमान असायचं.

आमच्या गावावरून विमानं जातात. फार उंचावरून, आवाज न करता. खाली अजून अंधार असला तरी वर त्यांच्यावर ऊन पडलेलं असतं, आणि मागे पांढऱ्या रेघा निघत असतात. काही विमानांच्या मागे दोन रेघा असतात, काहींच्या मागे चार. थोडं पुढे गेल्यावर त्या एकमेकींत मिसळतात, पण विमानाच्या अगदी पाठीशी बघितलं तर वेगळ्या दिसतात. आमचा खेळ त्यावर चालायचा. झाडांच्या शेंड्यांमागून विमान वर यायच्या आत सांगायचं, दोन की चार. जी हरेल तिने दुसरीच्या टोपलीत ओंजळभर फुलं टाकायची. मी नेहमी चारवर लावायची. चार रेघांचं विमान मोठं असतं एवढं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, आणि मोठ्याची बाजू घेतली की जिंकतो अशी माझी समजूत होती. ती माझ्यापेक्षा बरीच लहान. तिच्या वाट्याला उरलेले दोन यायचे.

सुरुवातीच्या वर्षांत माझी टोपली चांगली भरायची. मग हळूहळू तिची भरू लागली. मी मात्र चार सोडले नाहीत. पुढे शिकायला बाहेर पडले तेव्हा तो खेळ आपोआप सुटला.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. बाबा धानाची शेती करता करता वनहक्कांचं, तेंदूपत्त्याच्या मजुरीचं काम करायचे. सायकलच्या कॅरियरला पत्रकांचा गठ्ठा बांधून गावोगाव फिरायचे. उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवायची. वाचायला शिकले ती त्यांच्या छापील बाजूवर. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य असावं. बाबांचे नियम पक्के होते. पत्रकाची पहिली ओळ उभ्याउभ्या वाचता आली पाहिजे. मागणी एकच पाहिजे. आणि मागणीत ‘कृपया’ येता कामा नये. बारावीपर्यंत मी निबंधसुद्धा असेच लिहायची. मराठीच्या बाई म्हणायच्या की पावसाळ्यावर लिहायला सांगितलं तरी ही पावसाकडे जाब मागते.

आता मी चंद्रपूरला एका खोलीत राहते आणि अनुवादावर पोट भरते. एका मराठी बातम्यांच्या संकेतस्थळासाठी इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा. शेती, आरोग्य मिळेल अशी आशा होती. वाट्याला आला विमान उद्योग, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. युरोपच्या विमान कंपन्या किती मोठी विमानं वापरतात, का वापरतात, पुढे कोणती घेणार, याबद्दलचे लेखांमागून लेख. पहिल्या महिन्यात मला त्या कामाचा संताप यायचा. माझ्या गावाला पायी येणारा माणूस वाघाच्या भीतीने कंदील घेऊन चालतो, आणि मी इथे बसून युरोपातल्या माणसाच्या खुर्चीपुढे पाय ठेवायला किती जागा असते ते मराठीत लिहिते.

मग एका लेखात माझ्या चार रेघा भेटल्या. चार रेघा म्हणजे चार इंजिनं. युरोपच्या मोठ्या कंपन्यांकडे लांबच्या प्रवासासाठी चार इंजिनांची अवाढव्य विमानं होती, त्यांतली काही तर दुमजली. ती इंधन फार पितात. सगळ्या जागा भरल्या तरच परवडतात, आणि सगळ्या जागा रोज भरत नाहीत. दोन इंजिनांची विमानं सुधारली, समुद्रावरून दूरवर जाऊ लागली, तशी चारवाली एकेक करून निघाली. महासाथीत उड्डाणं थांबली तेव्हा बरीचशी वाळवंटात नेऊन उभी केली. काही परत आली, कारण नवीन विमानं वेळेवर मिळेनात. पण पूर्वीचे दिवस आले नाहीत. मी ते वाचलं आणि खोलीत एकटीच हसले. माझी टोपली का रिकामी राहू लागली होती ते मला पार जर्मनीतल्या फ्रँकफर्टकडून कळत होतं.

गंमत अशी की सर्वांत मोठी विमानं गेली, तरी युरोपातलं साधं विमान मात्र वाढलं. जवळच्या प्रवासाला एकाच वाटेची, म्हणजे मधून चालायची एकच पट्टी असलेली विमानं असतात. ती लांब होत गेली, खुर्च्या एकमेकींना खेटत गेल्या, आणि दीडशे माणसांच्या ठिकाणी दोनशेच्या आसपास बसू लागली. विमानतळावर उतरायची वेळ मोजून मिळते. तेव्हा एका फेरीत जितकी जास्त माणसं नेता येतील तितकी बरी. आणि खालच्या टोकाला पन्नासेक जागांची छोटी विमानं होती, ती परवडेनात म्हणून काढून टाकली. म्हणजे वरचं टोक गेलं, खालचं टोक गेलं आणि मधलं फुगलं. हे सगळं मी नीट समजून लिहिलं. लिहून पाठवलं, आणि तिथेच सोडलं.

त्याच पावसाळ्यात गावात गाडीचं प्रकरण झालं.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत जंगलात आहे. गावाला एसटीची एक मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी यायची, रात्री देवळापाशी उभी राहायची आणि सकाळी उजाडताना निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं रात्रीचं जेवण गावातल्या घरांतून पाळीने जायचं. कुणाची पाळी आहे हे सगळ्यांना पाठ असायचं, आणि त्या दिवशी त्या घरात भाजी जरा बरी असायची. गाडी मोठी होती, लाल, जुनी, आणि वर्षातले बहुतेक दिवस निम्म्याहून जास्त रिकामी. पण आमच्याकडे गाडीचं मोठेपण बघायचं ते मंडईला. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी लेकी-जावई, व्याही, मामाकडचे सगळे येतात, बाजार भरतो आणि रात्री नाटक असतं. पाहुणे आमच्या गाडीने येतात. गाडी दारांतून माणसं लोंबत फाट्यावरून आत वळली की पोरं ओरडत पुढे धावतात. ज्या गावची गाडी जास्त भरलेली त्या गावची मंडई मोठी, असं साधं माप आहे.

ती गाडी शेवटी मोडली. डेपोने तिच्या जागी छोटी गाडी पाठवली. वेळा त्याच, मुक्काम तोच, फक्त गाडी अर्धी. गावाला ते लागलं. शेजारच्या गावाला मोठी आणि आम्हाला ही डबी? मंडईचे पाहुणे काय टपावर बसवायचे? बैठक बसली आणि बाबांचा मला फोन आला की पत्रक पाहिजे.

मी ते तासाभरात लिहून दिलं. पहिली ओळ होती: ‘आमचं गाव अर्धं नाही, आम्हाला अर्धी गाडी नको!’ ती उभ्याउभ्या वाचता येत होती. मागणी एकच होती. ‘कृपया’ कुठेही नव्हतं. बाबांनी फोन करून सांगितलं की लोकांनी पहिली ओळ पाठ केली, आणि दोन दिवस मी त्याच आनंदात होते.

छोटी गाडी आली त्या संध्याकाळी गावाने आपल्या रीतीप्रमाणे वागणूक दिली. ज्यांची पाळी होती त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरला जेवू घातलं, वाढताना आग्रहही केला. सकाळी चहा पाजला, हातात पत्रक दिलं आणि एकही माणूस न चढता गाडी रिकामी परत पाठवली. सरपंचबाईंनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं की कुणी चढायचं नाही. माझी चुलत बहीण सिंदेवाहीला नर्सिंगच्या कोर्सला जात होती. तीही त्या सकाळी खांद्याला पिशवी लावून, पांढऱ्या गणवेशात, सगळ्यांबरोबर गाडीच्या दारापाशी उभी राहिली आणि चढली नाही.

गावाने मागितलं ते गावाला मिळालं. आठवडाभरातच मोठी गाडी आली. पण डेपोकडे मोठ्या गाड्या थोड्या, आणि सकाळ-संध्याकाळ त्या गर्दीच्या वाटांवर लागतात. त्यामुळे आमची मोठी गाडी भर दुपारी यायची, देवळाला वळसा घालून लगेच परत जायची. मुक्काम गेला. दुपारच्या गाडीने कॉलेजला जाता येत नाही आणि संध्याकाळी परतायला तर काहीच उरलं नाही. सकाळी काका तिला मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत सोडायचा, पण संध्याकाळी त्या वाटेने कुणीच गाडी काढत नव्हतं. फाट्याजवळून वाघाने बैल नेल्याला फार दिवस झाले नव्हते. ती वर्ग अर्धे सोडून दुपारच्या त्याच गाडीने परतू लागली. कॉलेजने सांगितलं की हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. वसतिगृह काकाला झेपणारं नव्हतं. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू, नाही तर घरी बस.

तिने मला फोन केला तेव्हा मी एका लेखाच्या मधोमध होते. मी तिला आधी समजावू लागले. हा एकट्या गाडीचा प्रश्न नाही, आज अर्धी गाडी घेतली तर उद्या अर्धा रस्ता घ्यावा लागेल, लढाईत काही दिवस त्रास होतोच. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बाई, पत्रक तू चांगलं लिवलं,” ती म्हणाली. “आता मले एवढं सांग, संध्याकाळी मी फाट्यावर उतरली तर तिथून पुढं कशी येऊ?”

मी समोरचा लेख बाजूला सारला.

“मंडई वर्षातून एक दिवस असते. बाकीच्या दिवशी त्या गाडीत मीच असतो. तू लहानपणापासून चारवरच लावते.”

तिने फोन ठेवल्यावर मी पुन्हा समोरच्या मजकुराकडे वळले, कारण तो त्याच दिवशी द्यायचा होता. लेख युरोपातल्या लहान शहरांबद्दल होता. छोटी विमानं काढून टाकल्यावर तिथे काय झालं, याबद्दल. कंपन्यांनी त्या शहरांना मोठं विमान दिलं नाही. मोठं विमान तिथे भरत नव्हतं, म्हणून फेऱ्या कमी झाल्या, आणि पुढे काही ठिकाणी फेरीच राहिली नाही. विमानतळाची इमारत आहे, धावपट्टी आहे, आणि लोक मोटारीने दोन-तीन तास दूरच्या मोठ्या शहराला जाऊन विमान पकडतात. लहान विमान गेलं आणि त्याच्याबरोबर लहान गावाची पाळी गेली. ते वाक्य मराठीत आणताना माझा हात थांबला. तिथल्या लोकांकडून त्यांचं छोटं विमान कंपन्यांनी काढून घेतलं होतं. आम्ही आमची छोटी गाडी स्वतः चहा पाजून परत पाठवली होती.

आणि दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. ती दुमजली विमानं ज्यांनी घेतली होती त्यांनी वर्षातला सर्वांत भरलेला दिवस डोळ्यांपुढे ठेवला असणार. आम्हीही तेच केलं होतं. मंडईच्या दिवसाचं माप घेऊन रोजची गाडी मागितली होती.

दिवाळीला गावी गेले तेव्हा मी बाबांकडे विषय काढला. ते अंगणात धानाच्या पेंढ्या लावत होते. ऐकताना त्यांनी हात थांबवला नाही, पण कपाळावर आठी आली.

“एकदा मांगलेलं कमी करून मांगाचं नसते,” ते म्हणाले. “आज डबी घेतली तर उद्या म्हणतीन ऑटो घ्या.”

त्यांची भीती खोटी नव्हती. मी ती अजूनही खोटी मानत नाही. आयुष्यभर त्यांनी बघितलं होतं की एक पाऊल मागे घेतलं की समोरचा दोन पुढे येतो. मी म्हटलं, आपण कमी मागत नाही, दुसरं मागतोय. गाडीचा आकार सोडू आणि वेळ धरू. ते म्हणाले, बैठकीत बोल.

बैठक देवळाच्या ओट्यावर झाली. मी युरोपातल्या लहान शहरांपासून सुरुवात केली, ती चूक होती. मागून कुणीतरी म्हणालं, पोरगी गावात विमान उतरवून राह्यली का, आणि सगळा ओटा हसला. एक म्हातारे भाऊ गंभीरपणे म्हणाले, उतरवायचंच असेल तर बोडीच्या पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर नको, बैल बुजतेत. त्यावर आणखी हशा. मग मी विमानं सोडून दिली आणि सरळ विचारलं की गेल्या मंडईनंतर मोठी गाडी भरलेली कुणी बघितली. माझ्या काकूने एवढंच म्हटलं की लग्नाच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रोजचा भात टाकला तर तो बुडालेच लागते. सरपंचबाई म्हणाल्या, मग मंडईचे पाहुणे? त्यावर बराच वेळ गेला. शेवटी ठरलं की त्या एका दिवसासाठी जादा गाडी मागायची, आणि नाहीच मिळाली तर छोटी गाडी दोन खेपा करील आणि बाकीचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतील. पाहुण्यांना ट्रॉलीत बसवायचं म्हटल्यावर काही जणांचे चेहरे पडले. माझी बहीण बायकांमध्ये बसली होती. सगळे तिच्याकडे बघायचं टाळत होते, आणि मला वाटतं निर्णय तिथेच झाला.

पत्रक पुन्हा मीच लिहायला घेतलं. ‘छोटी चालेल, पण मुक्कामी पाहिजे’ अशी पहिली ओळ केली. बाबांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले की याच्यात एक भोक आहे. छोटी गाडी मान्य केली म्हणजे रिकाम्या जागांचा हिशेब मान्य केला. आता ती पण रिकामी गेली तर काय म्हणाल? त्यांनी खाली एक ओळ घालायला लावली: प्रवासी एक असला तरी गाडी सुटली पाहिजे. मी म्हटलं, ही दुसरी मागणी झाली, एका पत्रकात एकच मागणी असते. ते म्हणाले, हीच मागणी आहे, वरची नुसती गाडी आहे.

मी ती ओळ खाली लिहिली. विमान कंपनी रिकाम्या खुर्चीकडे एकाच नजरेने बघते, आणि इतके लेख मराठीत आणता आणता त्या नजरेची मलाही सवय होत चालली होती. गावासाठी मी त्यांचं शहाणपण उसनं आणत होते. बाबांनी त्यातलं हवं तेवढं ठेवलं आणि नको ते गाळलं.

डेपोने छोटी गाडी परत दिली. जादा गाडीबद्दल नुसतं ‘बघू’ म्हणाले, आणि मंडईच्या दिवशी ती आली नाही. छोट्या गाडीने दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेतल्या पाहुण्यांना गरम वडे मिळाले, दुसऱ्या खेपेतल्यांना गार, आणि एका आत्याने मला गाठून विचारलं की अर्ध्या गाडीतले पाहुणे पुरे मोजले का? काही जण ट्रॉलीतून आले, अंगावर धूळ घेऊन, पण आले. बाजार भरला. नाटक पहाटेपर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळं गाव नुकतंच आडवं झालं होतं. देवळापाशी पत्रावळी आणि फुगे पडले होते. ड्रायव्हरही रात्री नाटकाला बसला होता. तो डोळे चोळत गाडीभोवती फिरून आला आणि इंजिन सुरू केलं. माझी बहीण मात्र नाटक अर्धं सोडून झोपली होती. ती पांढऱ्या गणवेशात, ओले केस बांधून आली. तिला त्या दिवशी दवाखान्यात प्रात्यक्षिक होतं. बाकी कुणी नव्हतं. कंडक्टरने दार धरून गल्लीकडे पाहिलं, थोडा वेळ वाट बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं, जणू आता काय ते मीच सांगावं. मी खिशातलं पत्रक काढणार नव्हते. नुसतं म्हटलं, एक आहे ना, सोडा.

झाडांच्या वर एक विमान होतं. मागे दोन रेघा होत्या. मी तिला खुणेने वर दाखवलं, पण खिडकीजवळ बसून ती वही उघडत होती. तिने हात हलवला तो गाडी हलल्यावर, आणि तोही वहीतून वर न बघता.

गाडी फाट्याकडे वळली तेव्हा मागच्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या मला काचेतून दिसल्या. कधीतरी डेपोतला कुणीतरी त्याही मोजेल. तेव्हाच्या पत्रकाची पहिली ओळ बाबांनी या पत्रकाच्या तळाशी आधीच लिहून ठेवली आहे. ती खालून वर आणायची, एवढंच माझं काम.